ब्रेक ठीक होते

माझ्या वडिलांना, अप्पांना, जाऊन बरीच वर्षं झाली. माणूस गेला की त्याच्यावरचा राग आपोआप विझतो असं लोक सांगतात. माझा विझलेला नाही, आणि तो विझावा म्हणून मी काही खटपटही करत नाही. साठी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, शाळेतली नोकरी संपवून आता विद्यानगरातल्या या दुसऱ्या मजल्यावर मी आणि माझ्या कुंड्या असे राहतो. खाली वळणावर बस थांबते. ड्रायव्हर ब्रेकवरचा पाय उचलतो आणि फस्स करून हवा सुटते. तो आवाज आला की हातातलं काम थांबतं. आधी कान तपासून घेतात, पुढून सुटली का, मागून सुटली का. मग राग येतो, अगदी कालच भांडण झाल्यासारखा. मुलगी म्हणते, ‘आई, आता सोड ना ते.’ सोडून देण्यासारखं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

आमचं घर म्हणजे कारवार रोडवरची एक पत्र्याची शेड आणि तिच्या पाठीला चिकटलेल्या दोन खोल्या. अप्पा लष्करात होते, गाड्यांच्या दुरुस्तीवर. तिथून सुटून आल्यावर त्यांनी शेड टाकली आणि फक्त ब्रेकचं काम धरलं. इंजिनाला हात लावायचे नाहीत. लष्कर आपल्या जुन्या अवजड गाड्या लिलावात काढायचं आणि अळणावरकडचे लाकूडवाले त्या घ्यायचे, कारण जंगलातल्या चिखलात दुसरी गाडी रुतून बसायची आणि ही निघून यायची. पण त्यांचे ब्रेक हवेवरचे, आणि आमच्या भागात तेव्हा ते नीट कळणारे मिस्त्री फार नव्हते. म्हणून त्या हिरव्या, माणसाच्या छातीइतक्या चाकांच्या गाड्या आमच्या दारात येऊन उभ्या राहायच्या. त्यात अवघड काही नाही, मला लहानपणीच कळलं होतं. इंजिन चालू असलं की टाकीत हवा भरते. पेडल दाबलं की ती हवा चाकाजवळच्या डब्यात शिरते, डब्यातली काठी बाहेर ढकलते, लायनरच्या पट्ट्या चाकाच्या ड्रमवर दाबल्या जातात आणि ब्रेक धरतो. पाय उचलला की तीच हवा बाहेर पडली पाहिजे, तरच काठी मागे जाते आणि चाक मोकळं होतं. फस्स असा जो आवाज येतो तो या बाहेर पडणाऱ्या हवेचा.

घर जागं व्हायचं ते अप्पांच्या वंदनेनं. कोनाड्यातल्या बुद्धमूर्तीसमोर मेणबत्ती लावून ते खड्या आवाजात पंचशील म्हणायचे, आणि चौथ्या शीलाला, खोटं न बोलण्याच्या, आवाज जरा जास्तच चढायचा. तिकडे चुलीपुढं आईच्या जोंधळ्याच्या भाकरीची थापथाप सुरू असायची. शेंगाचटणीत तेल घालून, कांदा फोडून आम्ही दोघं भावंडं शेडच्या उंबऱ्यावर बसून खायचो आणि डिझेलचा वास त्या घासात मिसळलेला असायचा. अजूनही शेंगाचटणी मला त्या वासाशिवाय अळणी लागते. भाकरी झाली की आई रिठे भिजत घालायची. ते कपड्यांसाठी नव्हते. हवेचे सांधे गळतात का हे बघायला रिठ्याचा फेस ब्रशनं लावायचा. बुडबुडा फुगला की तिथं गळती. बाकीचे मिस्त्री साबण लावायचे. अप्पा म्हणायचे साबणानं पितळ खराब होतं. खरं काय ते मला माहीत नाही, पण आईचे हात त्या रिठ्यानं उललेले असायचे आणि त्याबद्दल कुणी काही म्हणत नव्हतं.

तपासणीची अप्पांची एक पद्धत होती आणि ती लष्करातून आली होती, म्हणून ती हिंदीत होती. एकानं केबिनमध्ये बसायचं, अप्पा गाडीखाली. ‘दबाव!’ असं खालून आलं की पेडल दाबायचं आणि ओरडायचं, ‘दबाया!’ ‘छोड!’ म्हटलं की पाय उचलून ‘छोडा!’ मी आणि अण्णा आळीपाळीनं बसायचो. अण्णा माझा थोरला भाऊ. सीट एवढी खोल की लहानपणी मला तिच्या कडेला टेकून उभ्यानंच पेडल दाबावं लागायचं. ‘दबाया’ म्हणायला अर्धा क्षण उशीर झाला तरी खालून शिवी यायची. तरीही मला ते काम आवडायचं हे कबूल केलं पाहिजे. ती एवढी मोठी गाडी आपल्या पायाखाली श्वास घेते असं वाटायचं.

अण्णाला गाडीखाली जाणं कधी आवडलं नाही. त्याला गाडी चालवायची होती. अप्पांना ड्रायव्हर या प्राण्याचा तिटकारा. लष्करात त्यांनी जोडलेल्या गाड्या ड्रायव्हरांनी मोडून आणायच्या आणि दोष ब्रेकला द्यायचा, असं त्यांचं म्हणणं. डिझेल वाचवायला उतारावर गाडी न्यूट्रलवर सोडायची, इंजिनाचा धर गेला की सगळा भार ब्रेकवर, आणि मग ब्रेक जळले की मिस्त्रीच्या नावानं खडे फोडायचे. अण्णानं लायसन्स काढलं तेव्हा ते त्याच्याशी कित्येक दिवस धड बोलले नाहीत. मग अळणावरच्या एका लाकूडवाल्या सावकारानं आपली लष्करी गाडी अण्णाच्या हातात दिली, तेव्हा अप्पा आईला म्हणाले, ‘बघ आता, ह्यो बी तसाच व्हणार. ड्रायव्हरची जातच तशी.’

हे वाक्य मी मुद्दाम जसंच्या तसं लिहून ठेवते. आमच्या घरात जात हा शब्द उच्चारायची बंदी होती. शाळेत कुणी मला आडनावावरून खोदून विचारलं तर अप्पा शर्ट घालून थेट हेडमास्तरांच्या खोलीत जायचे. ‘माणसाला जन्मावरनं वळखणाऱ्याचं तोंड बघू नये,’ असं आम्हाला शिकवायचे. त्यांनी स्वतःच्या पोराला मात्र धंद्यावरून ओळखलं, आणि तेही याच शब्दात.

खरं तर अण्णासारखा जपून चालवणारा माणूस मी नंतरही पाहिला नाही. तो रोज सकाळी हवेच्या टाकीतलं पाणी काढायचा, चाकांना हात लावून बघायचा, घरी आला तरी गाडीखाली ओंडका ठेवल्याशिवाय जेवायला बसायचा नाही. जंगलातून येताना मला कधी काळी मिरी, कधी मोहोळाचा तुकडा आणायचा. मी तेव्हा कॉलेजात होते. माझ्या फीची काळजी त्यानं स्वतःवर घेतली होती आणि त्याचा कधी उच्चारही केला नाही.

दसऱ्याआधीची नवमी जवळ आली. आमच्याकडे त्या दिवशी काही नसतं, शेडही चालूच असायची, पण आजूबाजूला आयुधपूजेची धांदल. लॉरीवाले गाड्या धुऊन, रंगवून, झेंडू आणि केळीचे खांब बांधून, कोहळा फोडून गावभर हॉर्न वाजवत फिरतात. सावकाराची गाडी त्याआधी आमच्याकडे येऊन गेली. अप्पांनी ती पुरी तपासली, मी ‘दबाया, छोडा’ केलं, पुढून मागून दोन्हीकडून हवा झकास सुटली. ‘पास!’ असं म्हणून त्यांनी मडगार्डवर थाप मारली. गाडी डेपोत गेली, तिथं सावकाराच्या माणसांनी तिला वरून पिवळं केलं आणि खालून सगळीकडे रेड ऑक्साइडचा तांबडा रंग फासला. त्यांच्याकडे तशी रीतच होती. पूजेच्या दिवशी गाडी खालूनही नवी दिसली पाहिजे, टाकी, नळ्या, दांडे, काही सोडायचं नाही.

नवमीनंतरच्या पहिल्याच फेरीला अण्णा लाकूड भरून अळणावरहून निघाला. कलघटगीच्या अलीकडे एक लांब उतार आहे. तिथं गाडी त्याला आवरेना. त्यानं पुढं माणसं, बैलगाड्या बघितल्या आणि गाडी उजवीकडे शेताच्या बांधात घातली. लाकडं सुटली. वर बसलेला फकीरप्पा नावाचा हमाल खाली आला आणि त्याच्या पायावर ओंडका पडला. त्याचा पाय गुडघ्याखाली काढावा लागला. या सगळ्या गोष्टीत ज्याचं खरं नुकसान झालं तो फकीरप्पा, आणि सगळ्यात कमी बोललं गेलं तेही त्याच्याबद्दलच. मला या गोष्टीचाही राग आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला तसे अप्पा आणि मी बसनं कलघटगीला गेलो. अण्णा पोलीस ठाण्यात बाकावर बसला होता, शर्टाला रक्त, ते त्याचं नव्हतं. फौजदारानं अप्पांना विचारलं, या गाडीचे ब्रेक तुम्हीच करता का. हो म्हटल्यावर, ‘मग चला, बघून सांगा,’ म्हणून जीपमध्ये घालून घेऊन गेला. मी अण्णापाशी थांबले. आईनं बांधून दिलेली भाकरी त्यानं हातात धरली आणि खाल्ली नाही. तो मला सारखं तेच सांगत होता. ‘निघाल्यापासनं गाडी जड होती गं. मला वाटलं माल जास्ती हाय. चढावर वढेना. उतार लागला तवा पहिल्यांदा जरा धरलं, मग धरेचना. मीटर बघितला तर हवा फुल्ल. जळका वास आला. दुसऱ्या गिअरात टाकली, इंजिन नुसतं बोंबलायलंय, आणि गाडी चाललीय म्होरं.’

अप्पा परत आले ते रुमालानं हात पुसत. फौजदार खुर्चीत बसला आणि म्हणाला, ‘हं, मिस्त्री, सांगा.’ अप्पा ताठ उभे राहिले. सैन्यातल्यासारखे. ‘साहेब, हवा भरतीय, गळती न्हाई, पेडल दाबलं की चारी चाकं धरत्यात. ब्रेक ठीक हायत.’ इथं ते थांबले असते तर मी आज हे लिहिलं नसतं. जे पाहिलं ते सांगितलं, त्यांच्या अधिकारातलं होतं. पण ते पुढं बोलले, कुणी विचारलेलं नसताना बोलले. ‘लायनर जळलेत. म्हणजे गाडी न्यूट्रलवर सोडलीवती. ड्रायव्हरची जातच तशी.’

फौजदारसुद्धा क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिला. त्याला ठाऊक होतं की बाकावर बसलेला ड्रायव्हर त्यांचा मुलगा आहे. अण्णा उठला. ‘अप्पा, गाडी गिअरमध्ये होती.’

‘गप बस. लायनर सांगत्यात मला. लायनर खोटं बोलत न्हाईत.’

‘आणि मी बोलतो?’

फौजदारानं ते सगळं उतरून घेतलं, अप्पांनी सही केली, वळणदार, शिरोरेषा देऊन. बाप म्हणाला म्हटल्यावर आणखी कुणाला विचारायचं? सावकारानंही मान डोलावली. अण्णाचा जामीन धारवाडच्या आमच्या मावशीच्या नवऱ्यानं दिला आणि अण्णा तिथूनच मावशीकडे गेला. खटला उभा राहणार, लायसन्स जाणार, कदाचित तुरुंग, हे सगळ्यांना दिसत होतं. बसमध्ये अप्पा माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत होते. मी त्यांना म्हणाले, ‘तुमी त्याला विकलासा.’ ते म्हणाले, ‘मी खरं बोललो. खरं बोलायला नातं बघायचं नसतंय.’

त्यानंतरचे आमच्या घरातले दिवस मला आवाजावरून आठवतात, म्हणजे आवाज नसल्यावरून. आईनं भाकरी थापायच्या सोडून लाटायला घेतल्या. जेवण वाढायची, ताट अप्पांच्या पुढ्यात ठेवायची, आणि पाठ करून बसायची. ती आयुष्यात कुणाला वर तोंड करून बोललेली नव्हती. एका सकाळी अप्पांनी रिठ्याची बादली मागितली. आई म्हणाली, ‘रिठे न्हाईत.’ अप्पा म्हणाले, फळीवर पिशवी दिसतीय की. आई उठली, पिशवी घेतली आणि मागच्या गटारात रिकामी करून आली. ‘आता न्हाईत बगा,’ म्हणाली. मी इकडे पुस्तकात तोंड खुपसून बसले होते. मला आईच्या पाया पडावंसं वाटलं.

मी दर रविवारी हॉस्पिटलात फकीरप्पाला बघायला जायचे. अण्णा तिथं असायचाच. फकीरप्पा माझ्याशी कानडीत बोलायचा आणि प्रत्येक वेळी तेच सांगायचा, ‘गाडी गिअरिनाग इत्त री, अक्का.’ गाडी गिअरमध्येच होती. इंजिन एवढं ओरडत होतं की मला वर लाकडावर कान झाकावे लागले, असं तो म्हणायचा. न्यूट्रलवर सोडलेल्या गाडीचं इंजिन ओरडत नाही, हे तर मलाही कळत होतं. मी घरी येऊन अप्पांना सांगितलं. ते आणि मी जेवायला बसलो होतो. घास गिळून ते म्हणाले, ‘लाकडावर बसणाऱ्याला इंजिनातलं काय कळतंय?’ ज्याचा पाय गेला त्याच्या कानावरही यांचा विश्वास नाही. मी ताटावरून उठले.

पोलिसांचं काम झाल्यावर सावकारानं गाडी आमच्याच शेडला ओढून आणली. पुढच्या स्प्रिंगचा पाटा मोडला होता, मागचे जळके लायनर बदलायचे होते. अप्पांनी नवे लायनर घातले, ड्रम चढवले आणि मग नेहमीसारखी तपासणी करायला मला हाक मारली. मी जाणार नव्हते. पण गेले, कारण ती गाडी मला जवळून बघायची होती. राग काढायला माणूस नसला तर लोखंड चालतं. मी केबिनमध्ये चढले, इंजिन चालू करून हवा भरली, आणि बंद केलं. शेडमध्ये एकदम शांत झालं.

‘दबाव!’

‘दबाया.’

‘छोड!’

मी पाय उचलला. माझ्या पायाखालून, पुढून, हवा फस्सकन सुटली. मागून काहीच नाही. मी ‘छोडा’ म्हणायचं विसरले.

‘अगं छोड म्हणतोय न्हवं!’

‘सोडलाय. अप्पा, मागची हवा सुटली न्हाई.’

‘सुटली. तुझं ध्यान कुठं हाय?’

‘ध्यान हितंच हाय. मागनं आवाज न्हाई.’

‘ब्रेक धरलाय का न्हाई, तेवढं बघायचं आपण. धरलाय. बास. मला शिकवू नको.’

तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी तडकलं. तिथं कलघटगीला त्यांनी हेच केलं होतं. ब्रेक धरतो का, एवढंच बघितलं. फौजदारानंही तेवढंच विचारलं होतं. धरलेला ब्रेक सुटतो का, हे कुणी बघितलंच नव्हतं. मी केबिनमधून ओरडले, ‘तुमचे ब्रेक ठीक हायत तर ऐकायला भ्याता कशाला?’ असं मी त्यांच्याशी जन्मात बोलले नव्हते. पाना फरशीवर आपटल्याचा आवाज आला. मी उतरले, ओढणी कमरेला खोचली आणि सरळ गाडीखाली, मागची चाकं जोडणाऱ्या दांड्यापाशी शिरले.

दोन्ही काठ्या बाहेरच होत्या. पाय केव्हाच उचलला होता, आणि ब्रेक अजून चाकाला आवळून बसले होते. बघता बघता त्या काठ्या अगदी हळू, चोरासारख्या मागे सरकत होत्या. मागच्या दांड्यावर एक वॉल्व्ह असतो, मागच्या चाकांची हवा त्याच्या बुडाच्या तोंडातून बाहेर पडते. मी हातानं चाचपलं. तोंड नव्हतंच. तिथं वाळलेल्या रेड ऑक्साइडचा जाड गोळा होता. ‘परत दाबा आणि सोडा,’ मी म्हणाले, आणि काय वाटलं कोण जाणे, अप्पा मुकाट्यानं केबिनमध्ये चढले. त्यांनी पाय उचलल्यावर मी स्क्रूड्रायव्हर त्या गोळ्यात खुपसला. हवा अशी फुटली की रंगाचे तुकडे माझ्या डोळ्यांत, तोंडात गेले. दोन्ही काठ्या खाडकन मागे गेल्या आणि चाकं सुटली.

मी तिथंच आडवी पडून राहिले आणि रडले. सगळं समोर मांडल्यासारखं दिसत होतं. नवमीच्या रंगानं ते तोंड बंद केलं. अळणावरपासून अण्णानं जितक्या वेळा ब्रेक लावला तितक्या वेळा मागची चाकं पुरती सुटली नाहीत, लायनर घासत राहिले, तापत राहिले. म्हणून गाडी जड, म्हणून चढावर ओढेना, म्हणून जळका वास. तापलेल्या लायनरनं उतारावर धरणं सोडलं. रात्रभर उभ्या गाडीत हवा हळूहळू निघून गेली, ड्रम गार झाले, आणि दुसऱ्या दिवशी अप्पा तपासायला गेले तेव्हा ब्रेक ठीक होते.

अप्पा खाली आले. वाकून त्यांनी तो वॉल्व्ह बघितला, रंगाचा तुकडा उचलून बोटांत चुरला, नाकाशी नेला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. मला वाटलं आता हा माणूस मटकन खाली बसेल. त्यांचा चेहरा उजळला! खरंच सांगते, उजळला. ‘बग!’ ते म्हणाले. ‘मी म्हटलं न्हवतं? माझे ब्रेक ठीकच होते! हे माझ्या शेडमधलं कामच न्हाई. ह्यो रंग त्या सावकाराच्या माणसांचा.’ आणि आईला हाक मारून दाखवायला लागले. आई दारात येऊन उभी राहिली. ती वॉल्व्हकडे बघत नव्हती.

सावकार दुसऱ्या दिवशी जीपमधून आला. अप्पांनी त्याला मोठ्या उत्साहानं सगळं समजावलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, ‘बरं झालं, सापडलं. नीट केलासा न्हवं? मग आता पोलिसांपर्यंत कशाला? तुमचाच जबाब तुमीच बदलणार का?’ माझ्या सगळ्या गाड्या तुमच्याकडं येतात, एवढंही जाता जाता बोलला. अप्पा म्हणाले, ‘मी खोटं बोलत न्हाई, सावकार.’ आणि शर्ट घालून कलघटगीची बस धरली. हे मी त्यांच्या बाजूनं लिहिते. सावकाराची एकही गाडी नंतर आमच्या दारात आली नाही आणि त्याबद्दल त्यांनी कधी हळहळ केली नाही. पण ते कशासाठी गेले हे मला माहीत आहे, कारण मी बरोबर होते. पोलीस ठाण्यात त्यांनी गाडीचा काढून आणलेला वॉल्व्ह टेबलावर ठेवला. ‘माझ्याकडनं ब्रेक ठीक गेले होते, साहेब. नंतर रंगानं तोंड बुजलं.’ फौजदार हुशार होता. त्यानं विचारलं, ‘म्हणजे तुमच्या मुलानं गाडी न्यूट्रलवर सोडली नव्हती?’ अप्पा म्हणाले, ‘ते बगायला मी तिथं न्हवतो.’

मी त्यांच्या मागे उभी होते. पहिल्या वेळी ते काय तिथं होते? तेव्हा लायनर बोलत होते म्हणे. मग आता का मुके झाले? फौजदारानं माझ्याकडे बघितलं, आणि मीच सांगितलं त्याला फकीरप्पाचं, इंजिनाच्या ओरडण्याचं. त्यानं जाऊन फकीरप्पाचा जबाब घेतला. पुढं अण्णावरचं प्रकरण मिटलं, लायसन्स राहिलं. अण्णानं नंतर पुष्कळ वर्षं गोव्याकडे बस चालवली, कधी एक ओरखडा नाही. तो आमच्या घरी मात्र पुन्हा राहिला नाही. लग्नाला आला, बारशाला आला, अप्पांच्या शेवटाला आला, उभ्या उभ्या.

प्रकरण मिटल्याचं कळल्यावर तो कपडे न्यायला आला तो दिवस मला विसरता येत नाही. आईनं त्याच्या आवडीची भरली वांगी केली होती. अप्पा शेडमध्ये खडू घेऊन त्याची वाटच बघत होते. ‘बस, तुला दाखवतो,’ म्हणाले, आणि फरशीवर टाकी काढली, पेडल काढलं, नळी, वॉल्व्ह, डबा. हवा कुठून येते, कुठून जाते, तोंड बुजल्यावर कुठं अडकते. अण्णा उकिडवा बसून ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं, ‘अप्पा, गाडी न्यूट्रलवर होती का?’

‘आता तो प्रश्न कुठं राहिला?’ अप्पा म्हणाले. ‘सुटलास न्हवं तू?’

आई आतून बाहेर आली. हाताला पीठ तसंच. ‘राहिलाय,’ ती म्हणाली. ‘न्हाई म्हणा त्याला. एक शब्द हाय.’

अप्पांनी खाली बघितलं. वॉल्व्हच्या चित्राला आणखी एक रेघ जोडली. ‘ही हवा हितनं जर मागं फिरली असती,’ ते म्हणाले, ‘तर लायनर एवढे जळलेच नसते.’ अण्णा उठला, पँट झटकली. ‘कळलं अप्पा,’ म्हणाला, ‘वॉल्व्हचं कळलं.’ आत जाऊन पिशवी घेतली, आईच्या पाया पडला, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि रस्त्याला लागला.

अप्पा खडू धरून बसले होते. ‘जेवून तरी जा म्हणावं त्याला,’ ते मला म्हणाले.

‘तुमी म्हणा,’ मी म्हणाले. ‘अजून कोपऱ्यापातूर गेला न्हाई त्यो.’

ते उठले नाहीत.